चिलर मालकांचा, वर्गणी दवाखान्याची?

प्रश्न : मी दंतवैद्य आहे. पुण्यातल्या एका पाच मजली व्यापारी इमारतीत ९०० चौरस फुटांत माझा दवाखाना आहे. पाच वर्षांचा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार आहे, त्यातले १८ महिने उरलेत. इमारतीला मालकांच्या नावे एकच उच्चदाब वीजजोडणी आणि सेंट्रल एसी आहे. वीजखर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला जातो. माझा वाटा ५ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण २५,००० रुपये. त्यावर मालक ७ टक्के ‘व्यवस्थापन खर्च’ लावतात आणि मग सगळ्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. तिसऱ्या मजल्यावरचं कॉल सेंटर रात्रभर चालतं. माझा दवाखाना दुपारी चार तास बंद असतो. आता मालकांचं पत्र आलंय. जुना चिलर (सेंट्रल एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) बदलायचा, खर्च ४८ लाख, वर्षाला १२ लाखांची वीज वाचेल, म्हणून निम्मा खर्च गाळेधारकांनी एकरकमी द्यावा. माझ्या वाट्याला १ लाख २० हजार येतात. पुढे गच्चीवर सोलर बसवून त्या विजेचे पैसे ‘महावितरणच्याच दराने’ घेणार असंही लिहिलंय. चिलर जुना आहे हे खरं, बदलायला हवा हेही मला पटतं. पण पैसे द्यावेच लागतील का? नाही म्हटलं तर स्वतंत्र मीटर मिळेल का?

उत्तर : डॉक्टर, द्यावे लागणार नाहीत. तुम्ही पाठवलेल्या करारातलं कलम ‘एसी यंत्रणेची नियमित देखभाल व दुरुस्ती’ एवढंच म्हणतं. पंपाचा सील बदलला, गॅस भरला, तर तो खर्च तुमच्या वाट्याला येतो. सबंध चिलर काढून नवा बसवणं ही मालकांच्या मिळकतीत पडणारी भर आहे. ते यंत्र तुम्ही गेल्यावरही पुढची कित्येक वर्षं त्यांच्याच इमारतीत चालेल. ‘देखभाल’ या शब्दात ४८ लाखांचं यंत्र कोंबता येत नाही.

तरीही नुसता नकार लिहून मोकळं व्हा, असं मी सांगणार नाही. जुना चिलर जी वीज खातोय तिचं बिल मालक भरत नाहीत, तुम्ही सगळे गाळेधारक भरताय. म्हणून मालकांना तो बदलण्याची घाई नाही. आणि तुम्ही बदलायला पैसे द्यावेत, तर यंत्र तुमचं होत नाही. खर्च एकाचा आणि बचत दुसऱ्याची, ही गाठ व्यापारी इमारतींत जगभर आहे. ती सोडवण्याची सोपी रीत २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौर कार्यालयाने पुढाकार घेऊन तयार केलेल्या भाडेकराराच्या कलमात आहे, आणि ती पुण्यातही चालेल. खर्च मालकांनी करायचा. तज्ज्ञाने वर्तवलेल्या वार्षिक बचतीच्या ८० टक्के रक्कम मालकांनी भाडेकरूंकडून दरवर्षी वसूल करायची, पूर्ण खर्च फिटेपर्यंत. उरलेले २० टक्के भाडेकरूकडे राहतात. अंदाज थोडा चुकला तरी तो तोट्यात जाऊ नये, यासाठी ही जागा ठेवलेली असते.

तुमचे आकडे घालून बघू. मालकांच्या प्रस्तावाप्रमाणे तुम्ही आज १ लाख २० हजार देणार. १२ लाखांतला तुमचा ५ टक्के वाटा म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये, १८ महिन्यांत ९०,०००. चिलर उद्या सकाळी सुरू झाला असं धरलं तरी ३०,०००चा खड्डा पडतो. प्रत्यक्षात ऑर्डर, क्रेन, चाचण्या यांत काही महिने जातील आणि खड्डा वाढेल. दुसऱ्या रीतीने १२ लाखांचे ८० टक्के म्हणजे ९ लाख ६० हजार दरवर्षी वसूल होतात आणि ४८ लाख पाच वर्षांत फिटतात. तुम्ही महिन्याला ४,००० देता, बिलात ५,००० वाचतात. करार संपला की तुमचा हप्ता थांबतो, पुढचा लायसन्सी, म्हणजे लायसन्सवर गाळा घेणारा, तो पुढे चालवतो. मालकांना निम्मे नाही, पूर्ण ४८ लाख मिळतात, फक्त थांबून. हे गणित त्यांच्या सीएंपुढे ठेवलंत तर वकिलाची फारशी गरज पडू नये.

पण इथे एक पाचर आहे. मालकांना दिलेल्या या ४,०००वर १८ टक्के जीएसटी लागेल, म्हणजे ७२० रुपये. कॉल सेंटरला ते इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून वजावट म्हणून, परत मिळतील. तुमची आरोग्यसेवा जीएसटीतून मुक्त असल्याने तुम्हाला क्रेडिट नाही. महिन्याला वाचणाऱ्या हजारातले २८० उरले! त्यामुळे तुमच्यापुरता हप्ता ‘जीएसटीसह ४,०००’ असा लिहून घ्या. हे कॉल सेंटरवाल्यांना सुचणार नाही, कारण त्यांना ते दुखत नाही. बैठकीत सगळे एका सुरात ‘ठीक आहे’ म्हणतील तेव्हा तुम्हालाच तोंड उघडावं लागेल.

जीएसटीचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या पत्रातलं सर्वात महाग वाक्य चिलरचं नाही, त्या ७ टक्क्यांचं आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या केंद्रीय परिपत्रकानुसार (क्रमांक २०६) मालक भाड्याबरोबर वीज पुरवत असेल तर तो भाड्याशी जोडलेला एकत्रित पुरवठा धरला जातो आणि विजेच्या रकमेवरही भाड्याच्याच दराने कर बसतो. बिल वेगळं फाडलं तरी फरक पडत नाही. मात्र वीज कंपनीने जेवढे आकारले तेवढेच मालकाने गाळेधारकांकडून घेतले, तर तो केवळ पैसे पोहोचवणारा मानला जातो आणि त्या रकमेवर कर लागत नाही. तुमचे मालक वर ७ टक्के घालतात, म्हणून ‘जेवढ्यास तेवढे’ राहत नाही आणि कर सगळ्यावर चढतो. २५,०००चे ३१,५६५ होतात. महिन्याला ६,५६५ रुपये जास्त. १८ महिन्यांचे १ लाख १८ हजार १७०, म्हणजे जवळजवळ तेवढेच, जेवढे ते चिलरसाठी मागताहेत.

तेव्हा पहिली मागणी ही करा : महावितरणच्या बिलाची प्रत दरमहा सर्वांना मिळावी, विजेची रक्कम त्या बिलाइतकीच वाटली जावी, आणि व्यवस्थापनाचा खरोखर काही खर्च असेल तर तो देखभाल खर्चात वेगळा दाखवावा. त्यावर कर लागेल, पण त्याच्यापुरताच. एक सावधगिरी. बिलावरचा ‘वीजखर्च’ हा शब्द बदलून उद्या ‘एसी सेवा शुल्क’ केला, तर तुमचा मुद्दा लंगडा होईल, कारण सेवा म्हणून ती करपात्र आहे. शब्द आहे तोच ठेवायला सांगा.

विजेवर नफा घेण्याबाबत आणखी एक गोष्ट आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२ प्रमाणे परवान्याशिवाय वीज वितरित करता येत नाही किंवा तिचा व्यापार करता येत नाही. हे कलम खिशात असू द्या, पहिल्याच पत्रात बाहेर काढू नका. ज्यांच्याशी पाच वर्षांचा हिशेब बसवायचा आहे त्यांना आधीच बेकायदा ठरवलं, तर ते बैठकीला बसणार नाहीत.

आता स्वतंत्र मीटर. हक्क आहे. याच अधिनियमाचं कलम ४३ मालकाला किंवा जागेत राहणाऱ्याला, दोघांनाही वीज मागण्याचा अधिकार देतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात स्पष्ट केलंय की मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही. अर्जदार जागेच्या ताब्यात आहे की नाही, एवढंच वीज कंपनीने पाहायचं. पण हक्क हातात घेऊन तुम्ही करणार काय? इमारतीला उच्चदाबाची एकच जोडणी आहे. त्यातून एका गाळ्याला लघुदाबाचं वेगळं मीटर द्यायचं तर वायरिंग, मीटरची जागा, जोडणीची फेररचना, सगळ्यासाठी मालकांचं सहकार्य लागतं. आणि एवढं करूनही त्या मीटरवर येतील तुमचे दिवे, खुर्ची, कॉम्प्रेसर आणि ऑटोक्लेव्ह. थंड हवा येणार त्याच चिलरमधून, त्याच सामाईक बिलातून. भांडण जिंकाल, पण बिलातला मोठा तुकडा तसाच राहील.

तुम्हाला हवं आहे ते मोजमाप. प्रत्येक मजल्याला विजेचा सब-मीटर, आणि चिलरच्या थंड पाण्याच्या पाइपवर बीटीयू मीटर, म्हणजे कोणत्या मजल्याने किती गारवा घेतला ते कळतं. ऑस्ट्रेलियात कार्यालयांच्या ऊर्जा मानांकनात इमारतीच्या सामाईक यंत्रणेला वेगळे गुण आणि भाडेकरूच्या जागेला वेगळे गुण मिळू शकतात; नेबर्स नावाची ही पद्धत तिथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून रुजली आहे. तुमच्या इमारतीलाही हीच विभागणी हवी. बिलातला मागणी आकार क्षेत्रफळाप्रमाणे वाटा, कारण तो यंत्रणेच्या क्षमतेचा आहे. वीज आकार, म्हणजे वापरलेल्या युनिटांचे पैसे, मात्र मीटरप्रमाणे वाटा. रात्री एकट्या तिसऱ्या मजल्यासाठी अख्खा चिलर चालतो तेव्हा त्याची कार्यक्षमताही पडते, तो भार त्यांचाच धरा. किंवा रात्रीपुरतं छोटं वेगळं युनिट त्यांनी बसवावं. दुपारची तुमची विश्रांती पुण्यात आजवर थट्टेचा विषय होती. मीटर बसला तर तिचे पहिल्यांदाच पैसे वाचतील.

पण मीटर तुमच्याच बाजूने बोलेल असं समजू नका. उच्चदाब बिलात वेळेनुसार दर वेगळे असतात आणि तुमची गर्दी संध्याकाळी पाच ते नऊ. शिवाय दवाखान्यात थर्मोस्टॅट २० वर ठेवायची सवय असते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाने एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. मालकांकडून मागण्या करताना हे आपणहून मान्य करा : तापमान २४, दुपारी आपल्या भागातला एएचयू (थंड हवा फिरवणारं युनिट) बंद, सर्व दिवे एलईडी. मोबदल्यात करार संपताना हे दिवे आणि नियंत्रक काढून जागा ‘पूर्ववत’ करण्याच्या अटीतून सूट मागा.

चिलर बदलण्याची सक्ती मालकांवर कायद्याने आणता येईल का, असाही सूर तुमच्या पत्रात आहे. नाही. ऊर्जा संवर्धन कायद्याखालची इमारत संहिता १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी एवढ्या मोठ्या व्यापारी इमारतींसाठी आहे, पण तिचा रोख नव्या बांधकामांवर आहे. तुमची इमारत त्या संहितेआधीची. म्हणजे जे काही होईल ते करारातूनच.

तो पुरवणी करार कसा असावा? बचतीचा अंदाज चिलर विकणाऱ्याचा नको, ब्यूरोच्या प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाचा हवा. मालकांच्या पत्रातले १२ लाख विक्रेत्याने लिहून दिलेले दिसतात, आणि विक्रेता कधी कमी बचत सांगत नाही. बदलापूर्वीच्या १२ महिन्यांची बिलं आधाररेषा म्हणून जोडा. बिघाडाने यंत्र बंद असेल तेवढे दिवस हप्ता नाही. अनामत रकमेतून हप्ता वळता करायचा नाही. इमारत विकली गेली तर नव्या मालकावरही हे बंधनकारक. आणि हप्ता तुमच्या ताब्याच्या शेवटच्या दिवशी संपतो, हे वाक्य अक्षरशः लिहा. ‘पूर्ण खर्च फिटेपर्यंत’ एवढंच लिहिलं गेलं तर गाळा सोडल्यावरही नोटीस येऊ शकते.

हा पुरवणी करार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि नोंदलेला नसेल तर अटींबाबत लायसन्सीचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. त्यामुळे ‘नोंदणी कशाला, घरचंच आहे’ असं मालक म्हणाले, तर हे कलम त्यांच्या वकिलांना दाखवा. नोंदणीची घाई मग तेच करतील. तुमच्या शेजाऱ्यांची अवस्था मात्र वेगळी असू शकते. ज्या कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी किंवा त्याहून अधिक आहे तिला हा अधिनियमच लागू नाही. कॉल सेंटरच्या कराराची नक्कल करून सही करू नका.

सोलरबद्दल थोडक्यात. नेट मीटरिंगचा, म्हणजे सोलरची वीज बिलातून वजा होण्याचा, लाभ जोडणी ज्याच्या नावे त्याच्या बिलात दिसतो, म्हणजे मालकांच्या. मालकांचं बिल घटलं आणि तुमच्याकडून जुन्याच दराने पैसे घेतले, तर पुन्हा तेच : आकारलेल्यापेक्षा जास्त वसुली, म्हणून सगळ्या विजेवर कर, आणि वर कलम १२ चा प्रश्न. पण घटलेलं बिल जसंच्या तसं वाटा म्हणाल, तर पॅनेलवर पैसे घालण्यात मालकांना काय मिळणार? तिथेही चिलरचंच सूत्र लावा. बिल जेवढ्यास तेवढं वाटायचं, आणि पॅनेलचा खर्च बचतीच्या ८० टक्क्यांतून वेगळ्या हप्त्याने फेडायचा.

तोवर चालू बिल थकवू नका. जादा ७ टक्के आणि त्यांच्यामुळे सगळ्या रकमेवर चढलेला कर ‘हरकत राखून’ भरा आणि तसं ईमेलवर कळवा. भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम २९ मालकाला अत्यावश्यक सोयी तोडू देत नाही, पण ते भाडेकरूच्या भाषेत लिहिलंय. तुम्ही लायसन्सी आहात, त्या ढालीवर विसंबू नका. वीज किंवा एसी तोडण्याची लेखी धमकी आलीच, तर त्याच आठवड्यात पुण्याच्या लघुवाद न्यायालयात मनाई हुकूम मागता येईल. तशी वेळ येईल असं तुमच्या मालकांच्या पत्राच्या भाषेवरून वाटत नाही. त्यांच्या पत्राला उत्तर देताना ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ यांपैकी काहीच न लिहिता एवढंच लिहा : चिलर बदलण्यास पाठिंबा आहे, खर्चाच्या पद्धतीवर बैठक घ्यावी, आणि बैठकीपूर्वी गेल्या १२ महिन्यांच्या महावितरण बिलांच्या प्रती द्याव्यात.