डोलकाठीच्या तारा आणि सहा लाखांचा हप्ता

आपण 57 वर्षांचे आहात, एका खासगी कंपनीत नोकरी करता आणि 60 व्या वर्षी निवृत्त होणार आहात. सहा वर्षांपूर्वी आपण 32 फुटी जुनी शिडाची नौका घेतली, ती मुंबईच्या बंदरात नांगरलेली असते. डोलकाठीला उभे धरणाऱ्या पोलादी तारा 17 वर्षांच्या झाल्या आहेत. रिगरने, म्हणजे डोलकाठी व तारा बसवणाऱ्या कारागिराने, त्या बदलण्याचा खर्च 5 लाख सांगितला आहे. बँकेत 9 लाखांची मुदतठेव आहे, परंतु त्यातले 6 लाख मार्चमध्ये आयुर्विम्याच्या हप्त्याला जाणार आहेत. म्हणून तारा निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीतून बदलाव्यात का, तोपर्यंत काठी पडलीच तर नौकेचा विमा आहेच, असे आपण विचारले आहे.

थांबू नका. तारांचा तज्ज्ञ मी नव्हे, परंतु समुद्री वापरातील स्टेनलेस स्टीलच्या तारांचे आयुष्य साधारण 10 ते 15 वर्षे धरतात आणि उष्ण, खाऱ्या हवेत ते कमीच धरावे लागते. ‘नौका फारशी बाहेर नेली नाही’ या आपल्या मुद्द्याचा येथे उपयोग होत नाही, कारण गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचींच्या लाटांवर नांगरलेली नौकाही दिवसभर डोलते आणि प्रत्येक हेलकाव्याला तार ताणली जाऊन सैल होते. शिवाय तारेचे टोक ज्या नळीत दाबून बसवलेले असते तेथे खारे पाणी साचते, हवा पोहोचत नाही आणि तार आतून गंजते, बाहेरून मात्र चकचकीत दिसते. आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण कंसात लिहिले आहे: खालच्या एका तारेतील एकोणीस धाग्यांपैकी एक तुटलेला आढळला. उरलेले अठरा त्याच वयाचे आहेत आणि त्यांनी तोच ताण सोसला आहे.

आता हिशेब. 5 लाख तीन वर्षे 7 टक्क्यांनी ठेवले तर कर वजा जाता सुमारे 75 हजार मिळतील. काठी पडली, तर नवी काठी, शिडे व तारा मिळून 18 लाख लागतील, असे त्याच रिगरने सांगितले आहे. म्हणजे आज बदलण्यापेक्षा 13 लाख अधिक. तीन वर्षांत काठी पडण्याची शक्यता सतरात एक असली, तरी थांबण्याचा फायदा संपतो, आणि मधल्या काळात तारांचे भाव वाढले तर तो मुळातच नसतो. काठीखाली बसलेल्या माणसाची किंमत मी यात धरलेली नाही. विम्याचा आधार तर धरूच नका. नौकेच्या विम्यात झीज, गंज आणि देखभालीतील कसूर साधारणपणे वगळलेले असतात, आणि तुटका धागा माहीत असून नौका बाहेर काढली, तर दावा नाकारायला कंपनीला आयते कारण मिळेल. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढलीच जाते. तेव्हाच काठी उतरवून तारा, त्यांची टोके आणि पिना सर्व नवे घाला, आणि तारा ज्या पट्ट्यांना जोडल्या जातात त्या काढून तपासून घ्या. तोपर्यंत शीड उभारू नका.

परंतु आपली खरी अडचण तारांची नाही. मार्च 2024 मध्ये बँकेच्या अधिकाऱ्याने आपल्याला ‘मुदतठेवीपेक्षा चांगली, हमखास, करमुक्त’ म्हणून जी पॉलिसी दिली, तिचा हप्ता वर्षाला 6 लाख, दहा वर्षे. पंधराव्या वर्षी 1 कोटी. तीन वर्षांनी ज्याचा पगार थांबणार आहे त्याला दहा वर्षांचा हप्ता लावणे, हे मला अजिबात क्षम्य वाटत नाही. 60 लाख भरून 1 कोटी ऐकायला मोठे वाटते, पण परतावा जेमतेम 5 टक्के पडतो. करमुक्त तर ती नाहीच: 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वार्षिक हप्ता 5 लाखांहून अधिक असेल, तर मुदतीअंती होणारा नफा करपात्र असतो. 40 लाखांच्या नफ्यावर आजच्या दरांनी 8 लाखांच्या आसपास कर जाईल.

निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी मिळून 1 कोटी 10 लाख हाती येतील, असे आपण लिहिता. घरखर्च 8 लाख 40 हजार, नौका 4 लाख, हप्ता 6 लाख: वर्षाला 18 लाख 40 हजार. 7 टक्के व्याज धरून आणि महागाई न धरताही ही रक्कम आपल्या 68 व्या वर्षी संपते. पॉलिसीचे पैसे मिळतात 70 व्या वर्षी.

म्हणून मार्चचा हप्ता भरू नका. पॉलिसी मोडूही नका, कारण भरलेल्या 12 लाखांपैकी हमी फक्त 30 टक्क्यांची, म्हणजे 3 लाख 60 हजारांची असेल. दोन पूर्ण वर्षांचे हप्ते भरलेले असल्याने ती ‘पेड-अप’ करून घ्या, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवा. भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात साधारण 20 लाख मुदतीअंती मिळावेत. ‘आता सोडले तर नुकसान’ असे अधिकारी म्हणेल, परंतु यापुढच्या 48 लाखांच्या बदल्यात मिळणार आहेत जास्तीचे 80 लाख, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्याही आत, आणि तेही कर कापण्यापूर्वी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 2025 साली 8.2 टक्के मिळत होते, 30 लाखांपर्यंत.

वाचलेल्या तीन हप्त्यांचे 18 लाख धरून निवृत्तीच्या वेळी 1 कोटी 28 लाख होतील. तरीही नौकेचे वर्षाला 4 लाख त्या रकमेला पेलणार नाहीत, हे मला स्पष्ट लिहावे लागते. पर्यटकांना फिरवून खर्च भागवण्याची आपली कल्पना बाजूला ठेवा: परवाने, प्रवाशांचा विमा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांचा हिशेब आपण केलेलाच नाही. नौकेवर जीव लावणारा एखादा मित्र निम्म्या हिश्शाने घ्या. मग वर्षाचा खर्च साडेदहा लाखांच्या आसपास येतो आणि व्याज 9 लाखांच्या घरात, आणि हे आटोक्यात ठेवता येण्यासारखे आहे. नव्या तारा घातलेल्या नौकेला भागीदार मिळणेही सोपे जाईल.

या आठवड्यात विमा कंपनीला पत्र पाठवून पेड-अप रक्कम आणि मोडल्यास मिळणारी रक्कम असे दोन्ही आकडे लेखी मागवा. अधिकाऱ्याचा ‘करमुक्त’ लिहिलेला व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा आणि त्याची प्रत जोडून कंपनीकडे चुकीच्या विक्रीची तक्रार करा. उत्तर समाधानकारक नसेल तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुदतठेवीतले 5 लाख रिगरला देण्यापूर्वी त्याच्याकडून तारा वाटेल त्या नव्हे, तर समुद्री दर्जाच्या असल्याची लेखी नोंद घ्या. उरलेले 4 लाख मात्र कोणत्याही नव्या योजनेत घालू नका. पॉलिसीचा निकाल लागेपर्यंत ते बँकेतच राहू द्या.