सातवीतल्या मुलीचा रविवारचा विज्ञान वर्ग चालू ठेवावा का?

आपली मुलगी दर रविवारी वर्गातून एक तयार खेळणे जोडून आणते, पण ते कसे चालते हे विचारल्यावर तिला सांगता येत नाही, म्हणून वर्ग चालू ठेवावा का, असे आपण विचारले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांकडून मी बारा वर्षे प्रयोग करून घेत आहे. जिथे जोडणी छापील कागदावरून होते आणि शेवटी काय होणार हे आधीच ठाऊक असते, तिथे मुलांचे हात गुंततात, डोके मात्र रिकामेच राहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी एक प्रयोग करून पाहा. खिळ्याला दोरा बांधून त्याला लोखंडी नट अडकवा. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंतचे अंतर १०० सेंटिमीटर ठेवा, नट थोडासाच बाजूला ओढून सोडा आणि जाऊन परत येणे म्हणजे एक झोका, असे दहा झोके मोजा. सुमारे २० सेकंद लागतील. मग दोरा निम्मा केला तर किती वेळ लागेल, हे मोजण्यापूर्वी मुलीला वहीत लिहायला सांगा. माझ्याकडची बहुतेक मुले १० लिहितात आणि घड्याळ १४ दाखवते. "सर, मोजायला चुकलं," असे म्हणून ती पुन्हा मोजतात, नट बदलतात, एकमेकांवर चिडतात. त्या वेळी उत्तर न सांगता गप्प राहणे मला आजही जड जाते, परंतु शिकणे घडते ते त्याच पाच-दहा मिनिटांत. जड नटानेही वेळ बदलत नाही, हे पाहून ती थक्क होतात, आणि दोरा कापत कापत २५ सेंटिमीटरवर आला की १० सेकंद हाती लागतात.

यासाठी महागडे साहित्य लागत नाही. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमितीच्या आकृत्या करून दाखवल्या आहेत, तर पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात खरे, उपयोगी काम करता करता शिकण्यावर भर आहे.

वर्ग सोडण्यापूर्वी एक रविवार मागे बसून पाहण्याची परवानगी मात्र अवश्य मागा. एखाद्या मुलाची जोडणी फसल्यावर शिक्षक ती स्वतःच्या हातात घेऊन दुरुस्त करतात, की "तुला काय वाटतं, कुठे अडलं असेल?" असे विचारून थांबतात, तेवढे पाहा. पहिली गोष्ट वारंवार दिसली, तर वर्ग बदला.