तो विषय वेगळा नाही, पोरी

मावशी, नमस्कार. आमचं एकत्र कुटुंब आहे, सेलू तालुक्यात. गल्लीतल्या एका घरात दोन लेकरांना गोवर निघालाय. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मोबाईलवर एक रील बघितलं, त्यात बाहेरच्या देशातली बाई सांगत होती की लेकरांना मुद्दाम आजारी लेकरांत खेळू द्यायचं, एकदाच निघून जातं आणि आयुष्यभराची शक्ती येते. त्यांच्या दोघांना लस नाही, त्यांना घेऊन त्या तिथं जाणार म्हणतात आणि मला पण म्हणल्या तुझे दे, शाळेच्या आधी सगळ्यांचं एकदाच उरकून घेऊ. मी साफ नाही म्हणलं. तेव्हापासून अबोला आहे, सासूबाई पण त्यांच्याच बाजूने. माझ्या मुलांच्या पण लसी राहिल्यात, मोठ्याला साडेतीन महिन्याच्या डोसला रात्रभर ताप होता आणि ह्यांनी लई बोलणी दिली, तेव्हापासून दिल्या नाहीत, पण तो वेगळा विषय आहे. मुलगा ४ वर्षांचा, मुलगी २ वर्षांची. जाऊबाईंना कसं समजावू?
– एक सून

वेगळा विषय कामून? तोच तर विषय आहे. अख्खं पत्र जाऊबाईंवर लिहिलंस आणि स्वतःच्या लेकरांच्या लसी राहिल्यात हे मधेच असं सरकवून दिलंस, जसं दारात पाहुणे आले की आपण पसारा पलंगाखाली सरकवतो.

जाऊबाईंना मी काही बोलणार नाही, त्यांनी मला पत्र लिहिलेलं नाही. तू लिहिलंयस. आणि तुझी इच्छा दिसते की मी म्हणावं बाई तू किती समजूतदार, सगळं घर एकीकडं असताना नाही म्हणलीस. नाही म्हणलीस ते बरोबरच केलंस. पण नाही म्हणून लेकरं ठेवलीस कुठं? त्याच गल्लीत, त्याच घरात, जाऊबाईंच्या लेकरांच्या शेजारच्या अंथरुणात. गोवराचं लेकरू खोलीतून निघून गेलं तरी त्याच्या खोकल्यातला व्हायरस हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो, आणि पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते लेकरू दुसऱ्यांना आजार देत असतं, म्हणजे त्याच्या आईला सुद्धा नुसती सर्दी वाटत असते तेव्हापासून. आजूबाजूला कुणालाच लस नसली तर एक लेकरू बारा ते अठरा जणांना देतं असं डॉक्टर लोक धरतात. गावात सप्ताह झाला, काल्याची पंगत झाली, तुझ्या पोराच्या शेजारी कोण बसलं होतं सांगता येईल का तुला? जाऊबाई लेकरं हाताला धरून नेणार, तुझी आपल्या पायाने जाणार, एवढाच फरक. उलट जाऊबाई निदान हे तरी कबूल करतात की लेकरं उघडी आहेत आणि काहीतरी करायला पाहिजे. जे करायला निघाल्यात ते भयंकर आहे. पण तू तर काहीच करायला निघालेली नाहीस.

त्या रीलचं पण सांगते. हे खूळ मूळचं कांजण्यांचं. अमेरिकेत १९९५ ला कांजण्यांची लस आली, त्याच्या आधीपासून तिथं लोक पोरांना मुद्दाम कांजण्यांच्या घरी खेळायला न्यायचे, लस आल्यावर पण काहींचं सुटलं नाही. २०११ मध्ये तर आजारी पोरांनी चाटलेले लॉलीपॉप पोस्टाने विकायचा प्रकार निघाला आणि टेनेसीतल्या सरकारी वकिलाला सांगावं लागलं की हे पोस्टाने पाठवणं गुन्हा आहे. कांजण्या पण मुद्दाम लावून घ्यायची गोष्ट नाही, त्यांचा व्हायरस अंगात लपून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन वर येऊ शकतो, आणि घरात कुणी गरोदर असली तर तिला आणि पोटातल्या बाळाला धोका. पण गोवर म्हणजे कांजण्या नाहीत. २०२५ मध्ये टेक्सासमध्ये गोवराची साथ आली, लस न घेतलेली दोन शाळकरी मुलं गेली, आणि ती इतक्या मोठ्या दवाखान्यांच्या देशात. आपल्याकडं २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, मालेगावला काय झालं ते बातम्यांत बघितलं असशील, लेकरं दगावली.

मी गोवर जवळून बघितलाय. माझा भाचा, सव्वादोन वर्षांचा होता, परभणीची गोष्ट, १९९१ साल. लस होती तेव्हा पण, त्याची राहून गेली होती, कशी राहिली ते बहिणीनं कधी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही. डोळे लाल, चिकटलेले, उजेड सहन होईना म्हणून बहीण खिडकीला स्वतःचं लुगडं बांधून अंधारात बसलेली. पुरळ आधी कानामागं आलं, मग तोंडावर, मग पोटावर उतरत गेलं. घरातली म्हणली आई आलीय, निघू द्या सगळं बाहेर, दवाखान्यात नेऊ नका, दाराला कडुलिंब बांधला. चौथ्या दिवशी श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला तेव्हा कुठं उचलून नेला. न्यूमोनिया. अकरा दिवस दवाखाना, तोंड आतून सगळं सोललेलं, पाणी चमच्याने पाजायचं आणि तेवढ्याला पण तो हात मारून चमचा उडवायचा. वाचला. पण पुढचं वर्षभर ते लेकरू कधी खोकल्यानं, कधी जुलाबानं, कधी कान फुटून अंथरुणालाच. तेव्हा आम्हाला वाटलं नशीब. आता कळलंय की शरीराला आधीच्या आजारांची जी ओळख झालेली असते ती गोवर पुसून टाकतो, कित्येक महिने, काहींना दोन-तीन वर्षं. रीलमधल्या बाईची आयुष्यभराची शक्ती ती हीच, एका आजाराची मिळते आणि बाकीच्यांची होती ती जाते.

आता त्या तापाचं.

साडेतीन महिन्याचं लेकरू, मांडीला सुई दिलेली, रात्री अंग फणफणलेलं, तू एकटी जागी, आणि सकाळी धीर द्यायच्या ऐवजी बोलणी. कशाला नेलं होतंस, बरा होता की. त्या रात्रीसाठी मला तुझी खरंच माया येते, जवळ असतीस तर डोक्यावरून हात फिरवला असता. पण त्या रात्रीला चार वर्षं होत आली. लस दिली आणि ताप आला तर ते आईनं केलं असं होतं, गोवर निघाला तर ते देवीनं केलं असं होतं, मग तुला कुणी बोलत नाही, उलट सगळं घर दहीभाताचा नैवेद्य घेऊन उभं राहतं. हे तुला कळलेलं आहे, पोरी. तू लसीला भीत नाहीस, बोलण्यांना भितीस, आणि त्या बोलण्यांच्या पायी दोन लेकरं उघडी ठेवलीस, त्यातल्या मुलीनं तर तो ताप बघितला सुद्धा नाही, तिचं काय चुकलं होतं?

जाऊबाईंना समजावणं सोड. मोठ्याचं लसीकरणाचं कार्ड काढ, मला खात्री आहे ते तू टाकलेलं नाहीस, कपाटात कुठल्या तरी साडीच्या घडीत असेल, वरच्या चौकटीत तारखा आणि खाली सगळं कोरं. मुलीचं जन्माच्या वेळचं असेल ते पण घे, नसेल तर तशीच जा. गावातला लसीकरणाचा दिवस कधी आहे ते बघत बसू नकोस, सकाळी दोघांना घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. गोवर-रुबेलाची लस ९ महिन्याला आणि १६ ते २४ महिन्याला द्यायची असते, पण राहून गेलेल्यांना पाच वर्षांपर्यंत देतात, तुझा पोरगा अजून बसतो त्यात, फुकट आहे. दुसरा डोस कमीत कमी चार आठवड्यांनी, ती तारीख लिहून घेतल्याशिवाय उठू नकोस. आजारी लेकराचा संपर्क झाला असेल तरी जा, ७२ तासांच्या आत दिली तर आजार टळू शकतो किंवा हलका जातो, उशीर झाला असला तरी लसीनं नुकसान नाही, पुढच्या वेळेला कामाला येते. त्यातला रुबेला मुलीसाठी मुद्दाम लक्षात ठेव, उद्या ती गरोदर असताना रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यावर जातं. बाकीच्या कोणत्या राहिल्यात ते नर्सबाई कार्ड बघून सांगतील, त्यांच्यापासून काही लपवू नकोस, रागावल्या तर ऐकून घे.

येताना आशाताईला सांग की गल्लीत गोवर आहे. त्या आजारी दोन लेकरांना 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस मिळायला पाहिजेत, डोळे वाचतात त्यानं, जीव पण वाचतो, आणि हे त्यांच्या घरी कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. एकदा कळवलं की ती घरोघर फिरेल, तुमच्या दारावर पण येईल, तेव्हा जाऊबाईंशी काय बोलायचं ते ती बघेल, तिचं रोजचं काम आहे ते.

आणि ताप येईल, खोटं कशाला सांगू. राहिलेल्या दुसऱ्या सुया दिल्या तर त्याच रात्री येऊ शकतो. गोवराच्या लसीचा आला तर आठ-दहा दिवसांनी येतो, काहींना बारीक पुरळ पण दिसतं, दोन दिवसांत जातं. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते तिथंच विचारून घे. रात्री अंग तापलं की ह्यांना उठव, ओलं फडकं त्यांच्या हातात दे, कपाळावर कसं ठेवायचं ते एकदा दाखव आणि तू झोप.