वडिलांचं जुनं हाय-पॉवर रोज कमरेला लावावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांकडून १९७० च्या दशकातलं ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल आलंय, परवाना रीतसर तुमच्या नावावर झालाय, आणि आता तेच कपड्यांखाली रोज बाळगावं की ते जपून ठेवून एखादं छोटं पॉलिमरचं, म्हणजे कडक प्लास्टिकच्या सांगाड्याचं, पिस्तूल घ्यावं. एक मित्र म्हणतो जुनं ते सोनं, दुसरा म्हणतो भंगार. माझ्या मते दोघंही नको त्या मुद्द्यावर भांडताहेत.

गोळी झाडण्याच्या बाबतीत हाय-पॉवर अजिबात म्हातारं झालेलं नाही. त्यात जाणारं ९ मिमी पॅराबेलम काडतूस मुळात १९०२ च्या सुमाराचं, आणि आजची बहुतेक नवी पिस्तुलंही तेच काडतूस खातात. गोळी सुटल्यावर नळीचं मागचं टोक खाली झुकून स्लाइडपासून (वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागापासून) सुटं होण्याची जी युक्ती आहे, ती अमेरिकन बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगची. तो १९२६ मध्ये गेला, बेल्जियन रचनाकार दियुदोने सेव्हने त्याचं अपुरं काम पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये हाय-पॉवर आलं. ग्लॉक काय, सिग काय, आजची ही पिस्तुलंही नळी झुकवतात ती थोड्याफार फरकाने तशीच. १३ गोळ्यांचं मॅगझीन आजही कमी म्हणता येत नाही. आणि मुठीचा आकार? इतकी हातात बसणारी मूठ मी फार थोड्या पिस्तुलांना पाहिली आहे.

पण रोज बाळगायचं पिस्तूल झाडलं जातच नाही हो. ते कमरेला बसून असतं. दिवसाचे दहा-बारा तास, घामात, खुर्चीच्या पाठीला घासत, गाडीच्या पट्ट्याखाली दबत, आणि एखाद्या दिवशी शौचालयाच्या फरशीवर आपटत. जुन्या बनावटीचं वय इथे दिसतं.

आपटण्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळ्यावर तडजोड चालते, यावर नाही. पिस्तूल नळीच्या तोंडावर पडलं की सगळं जागच्या जागी थांबतं, पण आतली फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळून ते पेटवणारी सळई, स्वतःच्या वजनाने पुढे सरकू पाहते. तिला अडवायला फक्त एक बारकी स्प्रिंग असते. स्प्रिंग जुनी, ढिली, आणि उंची पुरेशी असेल तर पिन काडतुसाच्या पेट घेणाऱ्या टोपीवर आदळू शकते. तेव्हा सेफ्टी लावलेली आहे की नाही याने काही फरक पडत नाही, कारण ती सेफ्टी घोड्याला (पिनवर आपटणाऱ्या हातोडीला) अडवते, पिनला नाही. नव्या पिस्तुलांत पिनच्या वाटेत एक अडसर असतो आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय तो हलत नाही. हाय-पॉवरमध्ये हा अडसर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. तुमच्या दशकातल्या पिस्तुलात तो नाही. ‘कोल्ट १९११’ या पिस्तुलाच्या मूळ आवृत्तीतही नव्हता, ‘सीरीज ८०’ मध्ये आला. चेक बनावटीच्या सीझेड ७५ मध्ये तो नंतरच्या ‘बी’ आवृत्तीत बसवला. म्हणून ‘हे मॉडेल सुरक्षित आहे का’ असं विचारून भागत नाही. हातातला नग कोणत्या पिढीचा आहे, ते पाहावं लागतं.

रिव्हॉल्व्हरवाल्यांनी इथे हसू नये. १८७३ चं कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी सहा घरांचं, पण जाणती माणसं त्यात पाचच काडतुसं भरत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवत, म्हणजे पडलं तरी गोळी सुटू नये. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकन नौदलात एक स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी रिव्हॉल्व्हर जहाजावर खाली पडून सुटलं आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कंपनीने घोड्याआड येणारी नवी पट्टी बसवली, ती आजही आहे. त्याआधीचं रिव्हॉल्व्हर कुणाकडे असेल तर ते रोजच्या वापराला काढू नये, मग ते कितीही चकचकीत राहिलेलं असो.

आता घोड्याचा प्रश्न. हाय-पॉवर आणि १९११ दोन्ही सिंगल अ‍ॅक्शन. म्हणजे चाप फक्त घोडा सोडतो, तो मागे ओढून ठेवायचं काम आधी आपण करायचं. बाळगण्याची त्यांची खरी पद्धत एकच: चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या घरात) गोळी, घोडा मागे, सेफ्टी वर. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण चांगल्या होल्स्टरमध्ये ही रचना समजून-उमजून केलेली आहे. पंचाईत होते ती लोक यातून पळवाट काढतात तेव्हा. काही जण चेंबर रिकामं ठेवतात. मग वेळेवर दोन्ही हात मोकळे पाहिजेत, आणि नेमके तेव्हाच ते नसतात. काही जण भरलेल्या चेंबरवर घोडा अंगठ्याने धरून हळूच खाली सोडतात. हे कधीही करू नका. अंगठा एकदा निसटला की फैर झालीच. आणि ही कसरत रोज केली तर तो कधीतरी निसटणारच.

मी स्वतः १९११ सहा वर्षं बाळगलं. पाच इंची नळी, रिकामं असताना साधारण १.१ किलो, सात गोळ्या. लोक वजनाला घाबरतात, पण बरं होल्स्टर आणि जाड पट्टा असेल तर वजनाची सवय होते. शिवाय ते चपटं आहे. त्याची स्लाइड ग्लॉक १७ पेक्षा अरुंद आहे, त्यामुळे शर्टाखाली ते अपेक्षेपेक्षा छान लपतं. (लपत नाही ती मूठ. नळी पँटीत जाते, मूठ बाहेर राहते आणि वाकलं की शर्टावर उमटते. नवशिके छोट्या नळीच्या मागे लागतात आणि मूठ विसरतात.) मी ते सोडलं त्याचं कारण वेगळं. माझ्या पिस्तुलाला दोन्ही बाजूंनी चालणारी सेफ्टी बसवलेली होती. एका संध्याकाळी घरी येऊन कमरेचं काढलं तर सेफ्टी खाली. गाडीच्या पट्ट्याने की खुर्चीच्या हाताने, कळलं नाही. मुठीची सेफ्टी (मूठ घट्ट धरल्याशिवाय चाप चालू न देणारी) होती, होल्स्टरने चाप झाकलेला होता, काही घडलं नाही. पण दिवसभर मी ज्या भरवशावर वावरत होतो तो भरवसा नव्हताच, आणि मला पत्ता नव्हता. एकाच बाजूची सेफ्टी परत बसवली असती तर प्रश्न सुटला असता, हे खरंय. मन मात्र उतरलं ते उतरलंच.

तुमच्या हाय-पॉवरची अडचण नेमकी उलटी निघेल. त्या काळची सेफ्टी इतकी बारकी आणि ताठ असते की ती आपोआप खाली जाण्यापेक्षा हवी तेव्हा खाली न जाण्याची भीती जास्त. अंगठा घामेजलेला असताना शंभर वेळा करून पाहा, मग कळेल. त्यात मॅगझीन काढलं की चाप निकामी करणारा एक दुवा आत आहे. त्यामुळे चाप खरखरीत लागतो. बरेच जण तो काढून टाकतात. मी काढा असं सांगणार नाही. सुरक्षेचा भाग काढलेलं पिस्तूल पुढे कायद्याच्या तोंडी गेलं तर काय उत्तर देणार, हा विचार आधी करावा.

डबल अ‍ॅक्शन, म्हणजे चाप स्वतःच घोडा मागे ओढून सोडतो अशा, जुन्या पिस्तुलांत वॉल्थर पीपीके आणि मकारोव ही दोन नावं नेहमी येतात. पीपीकेचं मोठं भावंड पीपी १९२९ चं, पीपीके त्याच्या पाठोपाठचं, मकारोव १९५१ पासून सोव्हिएत सेवेत. यांत घोडा सुरक्षितपणे खाली आणायची कळ असते, पहिली फैर लांब-जड ओढीची, पुढच्या हलक्या. बाळगायला दोन्ही सुटसुटीत. पण दोन्ही ब्लोबॅक आहेत, म्हणजे नळी झुकत-बिकत नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच सगळं तोललेलं. म्हणून स्प्रिंग ताठ, स्लाइड ओढायला जड, आणि .३८० सारख्या मध्यम काडतुसालाही हाताला नको तेवढा झटका. पीपीकेची स्लाइड मोठ्या हाताच्या बेचक्यातली कातडी सोलते, हेही खरं. मकारोव मला जास्त आवडतं. भाग कमी, ७३० ग्रॅम, आठ गोळ्या, आणि कुरकुर नाही. सोव्हिएत टोकारेव मात्र नकोच. त्याच्या मूळ टीटी-३३ मॉडेलमध्ये वेगळी सेफ्टीच नाही, घोडा अर्ध्यावर अडकवायची एक खाच आहे फक्त. तिच्या भरवशावर चेंबर भरून फिरायला मी तयार नाही.

जुन्यांपैकी आजही बिनदिक्कत सांगावं असं एकच, ते म्हणजे छोट्या नळीचं पाच गोळ्यांचं .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर. स्मिथ अँड वेसनचं चीफ्स स्पेशल १९५० चं. घोडा आत झाकलेला प्रकारही त्याच दशकात आला. कपड्यात अडकत नाही, स्लाइड ओढायची नाही, गोळी फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढला की पुढचं घर समोर. संधिवाताने बोटं आखडलेल्यांना लोक हे आधी सुचवतात ते मात्र अर्धवट ऐकून: स्लाइड ओढावी लागत नाही हे बरोबर, पण चाप पाच किलोच्या आसपास ओढावा लागतो. ४०० ग्रॅमच्या हलक्या नगात पाच गोळ्यांनंतर तळवा झिणझिणतो, म्हणून सराव टाळला जातो. अगदीच हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये झटक्याने उरलेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकते आणि सिलिंडर अडकतं. रिव्हॉल्व्हर कधी अडत नाही म्हणणाऱ्याने ते पुरेसं झाडलेलं नसतं.

नव्याच्या बाजूने आकडे साधे आहेत. सिग पी३६५, २०१८ चं: सुमारे ५०० ग्रॅम, १० गोळ्या, पिनचा अडसर आतच. तुमचं हाय-पॉवर रिकामं ९०० च्या आसपास, भरलं की किलोच्या वर. जवळपास निम्म्या वजनात तीनच गोळ्या कमी. पॉलिमरला घामाचा गंज चढत नाही, आणि सुटे भाग बदलायला कानस लागत नाही. जुन्यांत भाग घासून बसवावे लागतात, आणि ते जमणारे कारागीर कमी होत चाललेत. स्पेनच्या स्टार कंपनीची चांगली पिस्तुलं कित्येकांकडे आहेत. कंपनी १९९७ मध्ये बंद पडली, आता एक एक्स्ट्रॅक्टर (झाडलेलं काडतूस बाहेर ओढणारी आकडी) तुटला की शोधत बसा.

तेव्हा माझं मत: कमरेला नवं घ्या, वडिलांचं सरावाच्या रेंजवर न्या. तरीही तेच बाळगायचं ठरवलंत तर आधी जाणत्या कारागिराकडून मॅगझीनच्या, पिनच्या आणि स्लाइडच्या स्प्रिंगा नव्या घालून घ्या. त्या काळचा नळीत गोळी चढवणारा उतार गोल टोकाच्या, पूर्ण कवचाच्या गोळीसाठी केलेला. पोकळ टोकाची गोळी त्यावर अडखळू शकते. जी गोळी बाळगणार तिच्याच किमान २०० फैरी न अडता झाल्या पाहिजेत. जास्त दाबाची काडतुसं त्यात भरू नका. चाप पूर्ण झाकणारं, त्याच मॉडेलचं होल्स्टर घ्या, दुसऱ्याचं कसंबसं बसवलेलं नको.

आणि आजच करण्यासारखं: मॅगझीन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही तपासा, मग मुठीच्या लाकडी पट्ट्या उघडा. इतक्या वर्षांचा घाम असतो तो त्यांच्या खाली. तिथे लोखंड कसं दिसतंय ते कळवा, पुढचं त्यावर बोलू.