आंबा काही लोखंडाचा नसतो

लेकाच्या वहीतलं वाक्य पाठवून एका बाईंनी विचारलंय : ‘पृथ्वीच्या चुंबकीय शक्तीमुळे आंबा खाली पडतो’, यात ‘चुंबकीय’ चालेल की ‘गुरुत्वाकर्षण’च हवं?

नाही चालणार! हे ऐकून ऐकून कान किटले. फ्रिजवरचं चुंबक काढून टाचणीवर धरा. अख्खी पृथ्वी खाली ओढत असते, तरी टाचणी टुणकन वर चिकटते. दोन्ही ओढी एकच असत्या, तर हे कसं झालं असतं?

‘चुंबक’ म्हणजे मुका घेणारा. ‘लोहचुंबक’मधला ‘लोह’ फालतू आहे म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांना विचारावंसं वाटतं, मग मुका कुणाचा? संस्कृतात तर ‘ग्रंथचुंबक’ही आहे : पोथीला नुसते ओठ लावून पुढे जाणारा, वरवर चाळणारा. असे आजही पैशाला पासरी मिळतात. चुंबकाचं संस्कृतातलं दुसरं नाव अयस्कांत, म्हणजे लोखंडाचा प्रियकर. कुमारसंभवात ब्रह्मदेव देवांना सांगतो, अयस्कांताने लोखंड ओढावं तसं उमेच्या रूपाने शंकराचं मन ओढा. तमिळने त्यातला ‘कांत’ ठेवला (कान्दम्), आपण मुका ठेवला.

आता ‘गुरुत्वाकर्षण’. यातला ‘गुरु’ म्हणजे जड. ना शिक्षक, ना ग्रह. लॅटिन ‘ग्रॅव्हिस’ त्याचा भाऊबंद. म्हणून अख्खा शब्दच ‘ग्रॅव्हिटेशन’चा तर्जुमा, असं काही विद्वान ठोकून देतात. अहो, ‘ग्रॅव्हिटेशन’मध्ये नुसता जडपणा आहे, आकर्षण कुठंय? माझ्या मते हा जोडशब्द आपल्याच दोन घराण्यांचा. वैशेषिकांच्या, म्हणजे आपल्याकडच्या एका प्राचीन दर्शनाच्या पंडितांच्या, मते वस्तू पडते ती स्वतःच्या गुरुत्वामुळे. ओढणारी पृथ्वी त्यांच्याकडे नाहीच. (सुई चुंबकाकडे सरकते, त्याचं कारण मात्र ते ‘अदृष्ट’, म्हणजे न दिसणारं काहीतरी, असं देतात. म्हणजे दोन खाती तेव्हापासूनच वेगळी!) ओढणारी पृथ्वी सापडते भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत, ‘आकृष्टिशक्ती’ म्हणून. एकाचं गुरुत्व, दुसऱ्याचं आकर्षण. शब्द कुणी का जुळवला असेना, कुळं ही दोनच.

हां, लेकाचं राहिलंच. १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने पृथ्वीच एक मोठं चुंबक असल्याचं लिहिलं, आणि त्या भरात खगोलशास्त्रज्ञ केप्लरनेही ग्रह फिरवायला सूर्यात चुंबकासारखी शक्ती कल्पिली. चिरंजीवांची चूक थेट केप्लरच्या पंगतीतली आहे. त्याच्या शाळेतल्या बाईंना सांगा, निदान अर्धा मार्क द्या.