अंगणातलं आणि फरशीच्या फटीतलं तण घरच्या घरी कसं घालवायचं?

फरशीच्या फटीत असेल तर उकळतं पाणी सरळ बुडाशी ओता, कोवळं तण मरतं, हरळी आणि लव्हाळा मात्र परत फुटतो कारण लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत खोल असतात, तो पाऊस पडून माती ओली असताना खुरप्याने गाठीसकट काढायचा आणि फुटला की परत काढत राहायचं. व्हिनेगरने फक्त वरची पानं जळतात. मीठ कृपा करून टाकू नका, माती खराब होते आणि शेजारची जास्वंदपण जाते!! वाफ्यात ओल्या वर्तमानपत्राचे ७-८ थर आणि वर पालापाचोळा, उजेडच मिळाला नाही की बरंचसं तण उगवतच नाही. गाजर गवत असेल तर फुलायच्या आधीच उपटा, हातमोजे घालूनच, त्याची ॲलर्जी खूप वाईट असते