बीएमआय २४.२ : अ‍ॅप म्हणतं ठीक, डॉक्टर म्हणतात जास्त

दादा, तुम्ही लिहिलंय की वय ४२, उंची १६५ सेंमी, वजन ६६ किलो. मोबाईलवरचं अ‍ॅप हिरवा रंग दाखवतं आणि दापोलीच्या शिबिरात डॉक्टरांनी कागदावर 'वजन जास्त' लिहून दिलं. खरं कुणाचं?

दोघांचंही. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, आणि त्याचं गणित एकच: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. ६६ भागिले २.७२, म्हणजे २४.२. अ‍ॅप जागतिक मापाने चालतं, त्यात साडेअठरापासून २५ च्या आत सगळं ठीक. आपल्याकडचे डॉक्टर २३ पासून 'जास्त' आणि २५ पासून 'लठ्ठ' धरतात. त्या हिशेबाने तुम्ही साडेबासष्टच्या आत हवेत.

आपल्यालाच कडक माप कशाला, तर तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात स्नायू कमी नि चरबी जास्त, तीही पोटात. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

माझं तसंच. बीएमआय २२.८, घरात सगळे काटकुळा म्हणायचे, आणि सहा वर्षांपूर्वी उपाशीपोटीची साखर निघाली १३२. हातपाय काड्या, पोट फणसाचं. उलट हर्णैच्या बंदरात जाळी ओढणारा एखादा खलाशी बघा, २६ भरेल आणि पोट सपाट. काट्याला स्नायू नि चरबी यातला फरक कळत नाही.

म्हणून टेप घ्या. पँटचा नंबर सांगू नका, आपण पँट पोटाखाली बांधतो. माझी ३२ ची होती तेव्हा पोट ३७ इंच भरलं. शर्ट वर करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवी धरा, श्वास सहज सोडा, मग वाचा. पोट आत ओढायचं नाही. (मी ओढलं होतं. बायको अजून हसते.) पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० ही हद्द. उंचीच्या निम्म्यात राहिलं तर उत्तमच, तुमच्यासाठी ते साधारण ८२.

बांगड्याला आणि सोलकढीला दोष देऊ नका, आपलं घोडं अडतं भाताच्या तिसऱ्या मुदीवर. मी तेवढी एक मूद सोडली, मासळी-आमटी तशीच ठेवली, संध्याकाळी खाडीपर्यंत चालत जाऊन येतो. आठ महिन्यांत चार किलो उतरले, पोट ३४ वर आलं. मे महिन्यात हापूसपुढे थोडं फिसकटतं, चालायचंच.

गरोदर बाईला हे माप लावू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं वजन आपोआप उतरायला लागलं तर खूश न होता डॉक्टर गाठा.

शिबिराच्या कागदावर साखर लिहिली असेल तर तो आकडा आणि पोटाचं माप, दोन्ही इथे टाका. नसेल तर आधी उपाशीपोटी रक्त देऊन या. ६६ किलोचं काय ते मग बोलू.